सोलापूरचे सहा दिवस आणि एक तुणतुणं

पहिला दिवस, 13 जानेवारी

आमच्या भजनी मंडळात पेटी मी वाजवतो आणि वाद पखवाजवाला घालतो, अशी वाटणी ठरलेली आहे. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी टाळ गोळा करता करता त्याने काडी टाकली, "पहिली लावणी कुणाची?" एकाने होनाजीचं नाव घेतलं, दुसऱ्याने पठ्ठे बापूरावांचं. पठ्ठे बापूरावांचा जन्म 1866चा, म्हणजे पेशवाई बुडून अर्धं शतक होत आल्यावरचा, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी पेशवाईतल्या शाहिराचं, रामजोशीचं नाव ठोकून दिलं. "रामजोशी सोलापूरचा ना? तुझं आजोळही तिथलंच. जा, विचारून ये," असं म्हणत त्याने गवसणीची दोरी आवळली आणि विषय माझ्या गळ्यात बांधला.

पुण्याहून संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने निघालो. कुर्डुवाडी येईपर्यंत डब्यातल्या तीन मोबाइलांवर तीन गाणी चालू होती आणि तिन्हींत ढोलकी होती. सोलापूरला मामा स्कूटर घेऊन उभा. वय चौऱ्याहत्तर, गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर उभा राहिलेला, त्यामुळे कानाने थोडा कमी. बोलतो मात्र साच्याच्या आवाजावरून ऐकू जाईल असं.

"काय बे, लावणी शिकायला आलालास म्हणं?"

अख्ख्या फलाटाने वळून पाहिलं. घरी मामीने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढे ठेवलं. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली. जेवून झोपलो.

दुसरा दिवस, 14 जानेवारी

संक्रांतीच्या दिवशी सोलापुरात दुसरं काही करायचं नसतं. सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे सोलापूरकरांची गड्ड्याची जत्रा, आणि आज अक्षता. सकाळी बाळीवेशीकडे निघालो तर एका बोळात पाच-सहा पोरं पुठ्ठ्याचा जाळ करून बसलेली. शेकत नव्हती, हलग्या तापवत होती. जानेवारीच्या दवाने कातडं सर्द होतं आणि हलगी ‘भद्’ बोलते. एका पोराने हलगी जाळावर धरली, फिरवली, नखाने टिचकी मारून कानाशी नेली, पुन्हा जाळावर धरली. तिसऱ्या खेपेला टिचकी अशी वाजली की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग उजव्या हातातलं जाड टिपरू आणि डाव्या हातातली बारीक काडी कातड्यावर पडली आणि पुढची दहा मिनिटं मला मामाचं बोलणं ऐकू आलं नाही. त्याला माझं एरवीही येत नाही.

हा ठेका मागाच्या खटखटीतून आलाय, असं मामाचं ठाम मत. सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877ची आणि हलगी त्याच्या किती आधीची, हे मी सांगून पाहिलं. "मग मागानं हलगीवरून उचलला असंल," मामा म्हणाला. पुरावा शून्य, पण त्याने चाळीस वर्षं मागाशेजारी काढली आहेत. मी गप्प बसलो.

दुपारी तळ्याकाठी संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज. प्रत्येक काठी चार-पाच माणसं एकावर एक उभी करावीत इतकी उंच, आणि ती एकेकट्याने पेलायची. कथा सगळ्या सोलापूरला पाठ आहे: बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांवर एका कुंभारकन्येचं मन बसलं, त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न लावायला सांगितलं, त्याचं लग्न दर संक्रांतीला पुन्हा लागतं. संमतीचं वाचन झालं, "दिड्डम् दिड्डम् सत्यम् सत्यम्" झालं आणि हजारो हातांनी अक्षता उडाल्या. माझ्या उजवीकडे एक आजी तेलुगूत काही पुटपुटत होत्या, डावीकडे एक जण कानडीत फोनवर कुणाला तरी जागा सांगत होता. "बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" मात्र तिघांनी मिळून म्हटलं.

सिद्धरामांनी वचनं रचली ती कानडीत. वचन म्हणजे ना पूर्ण गद्य ना पूर्ण पद्य. म्हणता म्हणता गाणं होणारं बोलणं. आमच्याकडे लोकसंगीताचं मूळ शोधायला निघालेला माणूस मराठीच्या वेशीवर येऊन थांबतो. सोलापुरात ती वेस कुठे आहे हेच कळत नाही.

संध्याकाळी होम मैदानावर पाळण्यांच्या दिव्यांखाली मामाने मला रामजोशी सांगितला. त्याच्या सांगण्यातलं तिखटमीठ काढून टाकलं तरी माणूस विलक्षणच. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध. सोलापुरातलं वेदशास्त्र जाणणारं जोश्यांचं घर, थोरला भाऊ मुद्गल पुराण सांगणारा. धाकट्याचं चित्त मात्र गावातल्या धोंडी शाहिराच्या फडात. ब्राह्मणाचं पोर तमाशात बसतं म्हटल्यावर भावाने घराबाहेर काढलं. हा पंढरपुरात जाऊन संस्कृत शिकून आला, कीर्तन करू लागला, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि मग गडी पुन्हा तमाशात! बारामतीला मोरोपंतांची गाठ पडली. मोरोपंतांच्या आर्या रामजोशींनी कीर्तनातून गायल्या आणि पंडितांची ती कविता ओसरीवर बसलेल्या माणसापर्यंत पोचली. इकडे त्याच माणसाने संस्कृतातही लावण्या रचल्या.

त्यांची गाजलेली ओळ मामाने भर गर्दीत म्हणून दाखवली. "सुंदरा मनामधि भरली, जरा नाही ठरली, हवेलीत शिरली, मोत्याचा भांग." म्हणताना त्याचं बोट स्कूटरच्या सीटवर पडत होतं. भरली, ठरली, शिरली. तीनदा एकच यमक, जवळजवळ, दम न घेता. कान चौथ्या ‘-रली’ची वाट बघतो आणि तिथे येतो ‘भांग’. सकाळच्या पोराची हलगी हेच करत होती: तीनदा तेच, चौथ्यांदा चकवा. हे कागदावर वाचलेलं मला आजवर दिसलं नव्हतं. ते यमक डोळ्यासाठी नाहीच, टिपरूसाठी आहे.

परतताना गल्लीच्या तोंडाशी बेंजो पार्टीची खोली उघडी दिसली. पौष असल्यामुळे लग्नं बंद, म्हणून सराव चालू. टाइपरायटरसारख्या कळा दाबत एक पोरगा गोंधळाची चाल काढत होता. हे ‘आपलं’ वाद्य मूळचं जपानी. 1912 साली नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेलं ताइशोगोतो, तेच आपल्याकडे बुलबुलतरंग आणि वरातीतला बेंजो झालं. मी पोराला हे सांगितलं. त्याने एक कळ दाबली, ऐकली आणि म्हणाला, "तरीच चायना मालासारखं सारखं उतरतंय."

तिसरा दिवस, 15 जानेवारी

मामेभावाची मोटारसायकल घेतली, मामा मागे. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना जिथे एकमेकींना भेटतात तिथे हत्तरसंग कुडल. दोन्ही बाजूंनी शाळूची ज्वारी कणसात आलेली, माळावर वारा असा की मामाची टोपी दोनदा मागे जाऊन आणावी लागली.

संगमेश्वराच्या जुन्या देवळात तुळईवर एक लेख आहे, शके 940चा, म्हणजे इसवी सन 1018. सोलापूरचे आनंद कुंभार आयुष्यभर शिलालेखांमागे हिंडले, त्यांच्या नजरेला तो पडला. शेवटची ओळ मराठी: "वाछि तो विजेया होइवा." वाचील तो विजयी होईल. मान वर करून, डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं कळली नाहीत, मान मात्र आखडली. विजय लांबच राहिला.

हा लेख गाण्याच्या प्रवासात कशाला, असं मामाने विचारलंच. कारण सांगतो. हा लेख कोरल्याला शंभरेक वर्षं झाल्यावर, सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. त्याने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. स्वयंपाकापासून हत्ती पकडण्यापर्यंत सगळं त्यात आहे आणि गाणंही आहे. त्यात तो म्हणतो, "महाराष्ट्रेषु योषिद्भिरोवी गेया तु कण्डने." महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. राजाने हे ऐकलं असणार, नाहीतर कांडण आणि ओवीची जोडी त्याच्या टिपणात आली नसती. ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधी ओवी उखळापाशी उभी आहे, आणि तिच्या पहिल्या कवयित्रीचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. पखवाजवाल्याचा प्रश्न मला इथे पहिल्यांदा पोकळ वाटला. ज्या गाण्याला मुसळाने ताल दिला त्याला ‘पहिलं’ कुठून असणार?

रात्री मामीला म्हटलं, ओवी म्हणा. ती लाजली, मग बसली, मग दोन ओळींवर अडकली. "हात रिकामा असला की आठवत नाही रे बाळा." उठून आतून सूप आणि शेरभर ज्वारी घेऊन आली. पाखडायला लागली आणि काय सांगू, सुपाच्या दर झोक्याला एक चरण बाहेर पडायला लागला. पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी, माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सासूला चिमटा. सूप खाली येताना शब्द सुटायचा, वर जाताना श्वास. ज्वारी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती पाखडत राहिली, वीसेक ओव्या झाल्या. मामा पलीकडच्या खोलीतून येऊन चौकटीला टेकून उभा राहिला. पन्नास वर्षांच्या संसारात त्याने हे ऐकलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला.

मी फोन पुढे ठेवला होता. रेकॉर्डिंगचं बटण दोनदा दाबलं गेलं होतं. चार सेकंदांचा सुपाचा आवाज, बस. पुन्हा म्हणा म्हटलं तर मामी म्हणाली, "ज्वारी संपली."

चौथा दिवस, 16 जानेवारी

तुळजापूर. एसटीने तासाभराचा रस्ता. दर्शनाची रांग मोठी होती, तिचं वर्णन करत नाही. मला हवं होतं ते एका धर्मशाळेच्या अंगणात मिळालं. लातूरकडच्या एका कुटुंबाने नवसाचा गोंधळ घातला होता. तांदळाचा चौक, त्यावर कलश, बाजूला दिवटी आणि तिला तेल पाजायला बुधली. तीन गोंधळी: एकाकडे संबळ, एकाकडे तुणतुणं, एकाकडे झांज. गळ्यात कवड्यांच्या माळा. तुळजाभवानीचे ते कदमराई, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, ही त्यांच्यातली जुनी विभागणी, हे कदमराई.

आधी गणपती. मग आवाहन: अमक्या गावच्या देवा गोंधळाला ये, तमक्या गावच्या आई गोंधळाला ये. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर. महाराष्ट्राचा नकाशा तोंडी. एक देव वगळत नाहीत, वगळला तर रुसेल. मग आख्यान, त्यात गद्य, विनोद, मधूनच यजमानाची फिरकी, साथीदाराचे "बरं मग?" आणि शेवटी आरती. संबळाच्या दोन तोंडांपैकी एकावर टोकाशी वाकडी काठी पडत होती आणि अंगणातली लहान मुलं त्या काठीकडेच बघत होती.

ऐकता ऐकता मला हिशेब लागला. गण, आवाहन, मग आख्यान, त्यात सवालजबाब. हाच सांगाडा कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग होऊन बसतो. हाच तमाशात गण, गौळण, बतावणी, वग होतो. साथीदाराचं "बरं मग?" तिकडे सोंगाड्याच्या तोंडी जातं. रामजोशी कीर्तनातून तमाशात आणि तमाशातून कीर्तनात ये-जा करू शकले ते बुद्धीच्या जोरावर, हे खरंच. पण घरं दोन असली तरी खोल्यांची मांडणी एक होती. दाराला कुलूप गावाने लावलं होतं, गाण्याने नव्हे.

पोवाड्याचंही तसंच. आज हाती असलेल्या पोवाड्यांत सगळ्यांत जुना म्हणून अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा दाखवतात. घटना 1659ची, पोवाडा लगोलग रचलेला, आणि शाहिराला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा मिळाल्याचं त्याच पोवाड्यात येतं. पण ‘पवाडु’ हा शब्द 1290च्या ज्ञानेश्वरीतही आहे. शब्द आधी जन्मला, मग त्याला तलवारी आणि घोडे मिळाले.

गोंधळ संपल्यावर तुणतुणेवाल्यांशी बोललो. पन्नाशीचे, पान लावत बसलेले. तुणतुणं म्हणजे एक लाकडी डबा, तळाला कातडं, त्यातून निघालेली एकच तार बाजूच्या काठीवरच्या खुंटीला. त्याचा जन्म त्यांनी असा सांगितला: परशुरामाने बेटासुर राक्षसाला मारलं, त्याच्या शिराची घेतली कवटी, शिरांची ओवली दोरी आणि ती छेडली, ‘तिंतृण’ असा नाद आला, तेच तुणतुणं. पहिलं गाणं माता रेणुकेपुढे झालं. मी हळूच विचारलं, आणि तमाशातलं तुणतुणं? "तेबी ह्येच की. तिथं जाऊन का त्याला दुसरी तार फुटती?"

देवळाच्या उतरंडीवरच्या एका दुकानातून मी तुणतुणं घेतलं. परत येऊन त्यांना दाखवलं, फोनवर सूर काढून दिला आणि लावून मागितलं. त्यांनी फोन बाजूला सारला. "आधी तुम्ही आ करा." मी आ केला. त्यांनी खुंटी पिळली. "गळ्याला लावायचं असतंय, पेटीला नाही." मी पेटीवाला आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

सोलापूर येईपर्यंत खुंटी तीनदा सुटली. घडण कच्ची होती आणि घाईने घेतलं मीच.

पाचवा दिवस, 17 जानेवारी

सकाळच्या एसटीने मंगळवेढा. मामा बरोबर, तुणतुणं त्याच्या मांडीवर, कारण त्याला ते सोडवत नव्हतं. खिडकीतून मालदांडी ज्वारी आणि पुन्हा मालदांडी ज्वारी. एवढंसं गाव, पण बाराव्या शतकात कलचुरींची राजधानी. बसवेश्वर इथे बिज्जलाच्या पदरी होते. चोखोबा इथलेच, आणि गावकुसाची भिंत कोसळून 1338 साली ते गेले तेही इथेच. आणि कान्होपात्रा.

कान्होपात्रेपाशी मी थांबलो. आई गणिका, घरात गाणं आणि नाच, धंद्याचं शिक्षण लहानपणापासून. तिने तो धंदा नाकारला, वारकऱ्यांच्या दिंडीमागून पंढरीला गेली. बिदरच्या बादशहाची माणसं न्यायला आली तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवलं आणि तिथेच प्राण सोडला. देवळाच्या आवारातलं तरटीचं झाड ते तिचं. "नको देवराया अंत आता पाहू" हा अभंग आपण हार्मोनियमवर गोड करून गातो. मी स्वतः शेकडो वेळा, डोळे मिटून. पण मंगळवेढ्याच्या चौकात उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं की ही तक्रार आहे, तीही अशा गळ्यातली ज्याला बैठकीत कुणाला रिझवायचं कसं ते शिकवलं होतं. तो गळा तिने वेशीवर टाकला नसणार. तोच घेऊन ती देवळात शिरली.

दुपारी पंढरपूर. नामदेव पायरीपाशी टेकलो. आत कुठल्या तरी गावाकडच्या बायकांचं भजन चाललं होतं, त्यात गौळण लागली. कृष्णाने वाट अडवली, मडकी फुटली, यशोदेकडे गाऱ्हाणं. संतांनी गौळणी लिहिल्या, तुकोबांनीही. आणि तमाशात गणानंतर येते तीही गौळणच. नाव तेच, कृष्ण तोच, वाट अडवणं तेच. देवळात तिला टाळ मिळतो, फडात ढोलकी. एकनाथांनी हा व्यवहार उलट्या दिशेने केला: वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगं आणि चाली उचलून भारुडात आणल्या. पंढरपूरचीच एक गोष्ट आणखी. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म इथला, 1935चा. विठ्ठलाच्या गावी जन्मली म्हणून विठा. चंद्रभागेवर मामाने पाय बुडवले आणि "गार हाय बे" एवढंच म्हणाला.

रात्री मठात मुक्काम. डासांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल.

सहावा दिवस, 18 जानेवारी

मोडनिंब. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरून जाताना आपण झोपेत ओलांडतो ते गाव. इथली कलाकेंद्रं लावणीसाठी नावाजलेली. मामीला आदल्या रात्री फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मामाला बाहेर बसव." मामा आत बसला.

रात्रीच्या कार्यक्रमाला अजून चार तास होते. केंद्राच्या अंगणात नऊवाऱ्या वाळत घातलेल्या, एक मुलगी पायरीवर बसून चाळाच्या पट्ट्यावर सुटलेले घुंगरू ओवत होती. ज्यांना भेटायचं होतं त्या बाई साठीच्या पुढच्या, आता नाचत नाहीत, शिकवतात. चहा आला. मग पेटीवाले आले, माझ्याकडे बघून हसले. पेटीवाला पेटीवाल्याला बोटांवरून ओळखतो.

बैठकीची लावणी म्हणजे काय ते बाईंनी सांगितलं नाही, केलं. बसल्या जागी, पदर सावरून, एकच ओळ. पहिल्यांदा ती साधी म्हटली. दुसऱ्यांदा त्याच ओळीत रुसवा. तिसऱ्यांदा भुवई जराशी वर आणि तीच ओळ टोमणा झाली. चौथ्यांदा ‘सख्या’वर गळा किंचित दाबला आणि खोलीतला चहा निवला. शब्द तेच, चाल तीच. सातव्या-आठव्या वेळेला मी मोजायचं सोडलं. पेटीवाले ओळीच्या शेवटी नेमका एकच सूर धरून ठेवत, जणू बाई परत कुठून येणार ते दार उघडं ठेवून उभे. मी इतकी वर्षं गायकाच्या मागे सगळे सूर वाजवत धावतो, ते आठवून कानशिलं तापली. ही पेटी 1840च्या दशकात पॅरिसात घडली, पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगी केली. आकाशवाणीने तर 1940 ते 1971 तिला दारात उभं केलं नव्हतं. मोडनिंबच्या त्या खोलीत मात्र ती जन्मापासूनची वाटत होती.

मग मामाने न विचारता अमर शेख काढले. बार्शीचे, 1916चा जन्म, गिरणीत राबलेले, आईकडून मिळालेली लोकगीतं गळ्यात. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकातून संयुक्त महाराष्ट्र पेटवलेला आवाज. मामाच्या वडिलांनी त्यांना ऐकलं होतं आणि घरी येऊन गिरणीच्या डब्यावर ठेका धरून म्हणून दाखवलं होतं. "आमच्या म्हाताऱ्याला तमाशा चालत नव्हता. पण त्योच ठेका, मोर्च्यात आला की चालत होता." बाई हसल्या. "ठेक्याला कुठं कळतंय, कोण वर्ज्य म्हणून."

निघताना मी पखवाजवाल्याचा प्रश्न विचारलाच. त्याला उत्तर न्यायचं होतं. "बाई, पहिली लावणी कुणाची?"

त्यांनी आतल्या मुलीकडे वळून विचारलं, "आज पहिली कुणाची गं?"

आतून एका मुलीचं नाव आलं. "तिची," बाई म्हणाल्या. "साडेनऊला. थांबताय का?"

थांबलो नाही, पुण्याची गाडी होती. मामा सोलापूरकडच्या एसटीत बसला आणि तुणतुणं त्याच्याबरोबर गेलं. मला गाडी इंदापूरला पोचल्यावर आठवलं.

चार दिवसांनी मामाचा फोन. खुंटी सुटतच होती, मग त्याला गिरणीतली युक्ती सुचली: साच्याचा पट्टा घसरायला लागला की त्यावर राळ लावायचे. बाजारातून दोन रुपयांची राळ आणून त्याने खुंटीला चोळली होती. "आता ऐक बे," म्हणाला आणि फोन तुणतुण्याला लावला. एक तार, एकच सूर, बराच वेळ, न उतरता. मागे सुपाचा आवाज येत होता. मी ह्या खेपेला बटण एकदाच दाबलं.